ऐंशी रुपयांची बाटली अन् चाळिशीनंतरचं शरीर : पाथर्डीकरांनी मांडावा असा हिशोब

पाथर्डी : राज्य सरकारने जून २०२५ मध्ये दारूवरचा कर वाढवला. देशी दारूची १८० मिलीची बाटली आधी ६० ते ७० रुपयांना मिळायची, ती किमान ८० रुपयांवर गेली. या वाढीतून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा येतील, असा सरकारचा अंदाज होता. तिजोरीचा हिशोब सरकारने मांडला. घराचा आणि शरीराचा हिशोब मात्र ज्याचा त्यालाच मांडावा लागणार आहे.

रोज एक क्वार्टर म्हटलं तर महिन्याला २४०० रुपये होतात. श्रावणबाळ योजनेची पेन्शन महिन्याला १५०० रुपये, लाडक्या बहिणीचा हप्ताही १५०० रुपये. म्हणजे घरातल्या आजीची पेन्शन एका माणसाच्या बाटलीलाही पुरत नाही, वरून ९०० रुपये घालावे लागतात. वर्षाचे २९ हजार रुपये होतात. मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या घराला हा आकडा काय असतो, ते वेगळं सांगायला नको.

दारूने थकवा जात नाही

पाथर्डी तालुका ऊसतोडणी कामगारांचा. दिवसभर कोयता चालवायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. रात्री अंग ठणकतं, म्हणून 'थोडी घेतली की झोप लागते' असं बरेच जण सांगतात. झोप लागते हे खरं, पण ती कच्ची असते. दारूचा अंमल उतरला की मध्यरात्री जाग येते, लघवीला उठावं लागतं, अंगातलं पाणी कमी होतं. सकाळी अंग आणखी जड.

त्यात अंगदुखीची गोळी आणि दारू एकत्र घेणं तर फारच घातक. काही गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्तस्राव होतो, काहींनी लिव्हरवर ताण येतो. शुगरची गोळी घेऊन उपाशीपोटी दारू प्यायली तर शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. लोक म्हणतात 'जास्त झाली, झोपू द्या', आणि तिथंच जीव जातो.

चाळिशीनंतर फरक का पडतो?

तिशीनंतर दर दहा वर्षांत शरीरातले साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात. साठीनंतर हा वेग वाढतो. शरीरातलं पाणीही कमी होतं. त्यामुळे पंचविशीत जेवढी पचायची, तेवढीच दारू पंचावन्नाव्या वर्षी जास्त चढते. तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं. खुबा मोडलेला म्हातारा माणूस बहुतेकदा पुन्हा पहिल्यासारखा चालत नाही.

१८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशोबाने सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. त्यातून चारशेच्या वर कॅलरी मिळतात, पण प्रथिनं, लोह, कॅल्शियम यातलं काहीच नाही. भूक मात्र मरते. उलट आतड्यातून बी जीवनसत्त्वं शोषायला अडथळा होतो. पायाला मुंग्या येणं, हात थरथरणं, विसरभोळेपणा हे सगळं वयाचंच असतं असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग यांच्याशी तिचा संबंध आहे. सोबत तंबाखू असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका कित्येक पटीने वाढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातले शंभरातले साधारण १४ पुरुष दारू पिणारे आणि ३४ तंबाखू घेणारे आढळले. त्याच पाहणीत १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून अधिक महिलांच्या अंगात रक्त कमी होतं. एकाच घरातली ही दोन चित्रं आहेत.

ताकद ताटात आहे

५५ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. दीडशे ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी, वाटीभर मटकी किंवा डाळ, मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध आणि एक अंडं एवढ्यात ती गरज भागते. अंडं सात रुपयांना धरलं तरी एका क्वार्टरच्या पैशात अकरा अंडी येतात.

बाजरी आपल्या रानातली. तिच्यात लोह आहे, पण भाकरीवर लगेच चहा प्यायला की ते अंगी लागत नाही. लिंबू पिळलं, आवळा खाल्ला तर लागतं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चमचाभर. ठेचा, लोणचं, पापड यातलं मीठही त्यातच धरायचं.

हंगामात जोडपी कारखान्यावर जातात अन् गावात म्हातारी माणसं आणि लेकरं राहतात. एकट्यासाठी कोण चूल पेटवणार, म्हणून चहा-बटरवर दिवस काढला जातो. म्हातारपणी भूक कमी होते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवलं पाहिजे. डाळ, शेंगदाणे भरून ठेवणं आणि शेजाऱ्याला सांगून जाणं एवढं तरी होऊ शकतं.

महाग झाली म्हणून हातभट्टी नको

दर वाढले की काही जण सोडतात, काही कमी करतात, तर काही स्वस्तातली शोधतात. खरा धोका या तिसऱ्यांना. फेब्रुवारी २०१७ मध्ये शेजारच्या नगर तालुक्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या जेवणावळीतल्या विषारी दारूने अनेकांचे जीव गेले. बनावट दारूत मिथेनॉल असलं तर आधी नजर जाते, मग जीव. रंगावरून, वासावरून ते ओळखता येत नाही. निवडणूक आली की फुकटची बाटली गावात येतेच, तेव्हा पांगरमल आठवावं.

गावाच्या हातातही काही आहे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी 'आडव्या बाटली'ला मतदान केलं तर दुकान बंद करता येतं. बेकायदा दारूवर लक्ष ठेवायला ग्रामरक्षक दलाचा कायदा आहे. दुकान बंद झालं आणि मागच्या दाराने विक्री सुरू राहिली तर मात्र उपयोग शून्य.

सोडायची असेल तर एक काळजी घ्यावी. अनेक वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, भास, झटके येऊ शकतात. कुणी बाहेरचं झालं म्हणून अंगारा लावत बसतं. हे आजारपण आहे, त्याला दवाखान्यातच न्यावं. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान कार्ड काढून घ्यावं, त्यात वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय आहे.

कोयता चालतो तोवर घर चालतं. तो साठीपर्यंत चालावा की पन्नाशीतच खाली ठेवावा लागावा, हे बरंचसं संध्याकाळचे ऐंशी रुपये कुठं जातात त्यावर ठरतं.