रानातील गुरुजन

जीवक नावाचा एक विद्यार्थी तक्षशिलेस वैद्यक शिकत होता, अशी कथा बौद्ध वाङ्मयात आहे. सात वर्षांच्या अध्ययनानंतर गुरूंनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि नगराभोवतीच्या योजनभर प्रदेशातून औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. जीवक रानोमाळ हिंडला आणि रिकाम्या हातांनी परतला. तशी एकही वनस्पती त्याला आढळली नव्हती. त्याचे रिकामे हात पाहून गुरू संतुष्ट झाले. विद्यार्थ्याची विद्या पूर्ण झाली होती. या कथेचे मर्म असे की, वनस्पती रानात आपोआप उगवतात, परंतु त्यांना ओळखणारी दृष्टी कोणी तरी द्यावी लागते.

ही दृष्टी देणारे गुरुजन आजही आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस हे तालुक्याचे गाव. अरुणावती नदीच्या या परिसरातील काळ्या जमिनीत कापूस व सोयाबीन पिकते, तर माळांवर व टेकड्यांवर साग, पळस, मोह आणि तेंदू यांचे रान आहे. मृगाच्या सरी कोसळल्या की बांध, पडीक जमिनी आणि रानाच्या कडा हिरव्या होतात. तरोटा, कुंजर, केना, घोळ, पाथरी अशा पालेभाज्या उगवतात आणि काटवलाचे वेल कुंपणावर चढू लागतात. त्यांचे बी कोणी पेरलेले नसते, की त्यांना कोणी पाणी घातलेले नसते. बंजारा तांड्यांतील व आदिवासी वस्त्यांतील वडीलधाऱ्या स्त्रिया त्या ओळखून खुडतात, निवडतात, शिजवतात आणि लेकीसुनांना ते सारे शिकवतात. त्यांपैकी अनेकींनी शाळेची पायरी पाहिलेली नाही. त्यांना शिक्षिका म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः त्या शिक्षिकाच होत.

त्यांच्या विद्येचा पहिला पाठ ओळखीचा आहे. तरोटा म्हणजेच टाकळा. त्याच्यासारखेच दिसणारे कासविंदा नावाचे झुडूप गावोगाव उगवते. तरोट्याच्या पर्णिका टोकाशी गोलसर असतात व बहुधा तीन जोड्यांनी येतात; कासविंद्याच्या पर्णिका टोकदार असून त्यांच्या जोड्या अधिक असतात. हा भेद क्षुल्लक वाटतो. परंतु कासविंद्याच्या बिया विषारी असतात आणि त्या खाल्ल्याने उत्तर प्रदेशात लहान मुले दगावल्याचे संशोधकांना आढळले आहे. पानाचे टोक निरखून पाहण्याची सवय ही अशा रीतीने जीवनमरणाची गोष्ट ठरते.

दुसरा पाठ वेळेचा. तरोट्याची पाने कोवळी असतानाच, फुलोरा येण्यापूर्वी खुडावयाची. पुढे ती निबर व कडवट होतात. तिसरा पाठ चुलीपाशी मिळतो. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व त्यांमुळे घसा खाजतो. म्हणून ती पाने नीट शिजवून त्यांत चिंचेसारखे आंबट घालण्याची रीत पडली. सह्याद्रीच्या रानांत कडूकंदाच्या चकत्या शिजवून वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कोठे तो खाण्याजोगा होतो. रसायनशास्त्राचे नावही न ऐकलेल्या स्त्रियांनी पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध केलेली ही कृती आहे.

चौथा पाठ संयमाचा असून तो सर्वांत मोलाचा आहे. काटवलाचा नर वेल वेगळा व मादी वेल वेगळा असतो. नर वेलीस फळ धरत नाही. अजाण मनुष्य तो निरुपयोगी समजून उपटून टाकतो, आणि मग शेजारच्या वेलींवरही फळ धरेनासे होते. जमिनीतील कंद शाबूत राहिला, तर पुढच्या पावसात तोच वेल पुन्हा फुटतो. म्हणून जाणती स्त्री फळे तोडते, कंदाला हात लावीत नाही. पाला खुडते, रोप उपटीत नाही. आणि थोडे बियाणे रानासाठी ठेवूनच घरी परतते.

अशी ही विद्या आज दोन्ही बाजूंनी क्षीण होत आहे. एकीकडे तणनाशकांची फवारणी वाढली आहे. ज्याला आजीने भाजी म्हटले, त्याला आता तण हेच एक नाव उरले. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ज्या बांधावर असे विष पडते, तेथील पाला खुडणे धोक्याचे, हा नवा पाठ जुन्या पाठांना आता जोडावा लागत आहे. दुसरीकडे लाज आड येते. दुष्काळात रानपाल्यावर दिवस काढल्याची आठवण अनेक घरांत आहे. त्यामुळे रानभाजी म्हणजे गरिबीची खूण, अशी समजूत रूढ झाली. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण येथे पुरेपूर खरी ठरते.

बाजारात बारमाही भाजी मिळत असता हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, बाजार पैशाने चालतो आणि मजुराच्या हाती पैसा बारमाही नसतो. पावसाळ्याच्या आरंभी घरातील धान्य सरत आलेले असते. नेमक्या त्याच वेळी रान ताज्या पालेभाज्या देते. आणखी एक आक्षेप असा की, अशा शिक्षणाने मुले भलतेच काही तोडून खातील. हा धोका खरा आहे. परंतु तो अर्धवट ज्ञानातून उद्भवतो. चित्र पाहून किंवा ऐकीव माहितीवर रानातील पाला खाऊ नये, जाणत्याने हातात घेऊन दाखविल्याखेरीज कोणतीही वनस्पती तोंडात घालू नये, हाच या विद्येचा पहिला नियम आहे. गुरूची आवश्यकता त्यामुळेच अधिक ठरते.

राज्याच्या कृषी विभागाने 2020 पासून जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे 9 ऑगस्टच्या सुमारास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरविण्यास आरंभ केला. हा उपक्रम स्तुत्य होय. तथापि महोत्सवात शिजलेली भाजी चाखता येते. ती रानात कशी ओळखावी, हे एका दिवसात कळत नाही. त्यासाठी या स्त्रियांना शाळांनी सन्मानाने पाचारण केले पाहिजे, त्यांच्या वेळेचे मानधन दिले पाहिजे आणि पावसाळ्यातील काही तास तरी मुलांना त्यांच्यासमवेत बांधावर नेले पाहिजे. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही ठेवली जाते. त्या वहीत वनस्पतीच्या नावाबरोबर, संमतीने, ज्ञान सांगणारीचेही नाव यावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या. देशी बियाण्यांच्या जतनासाठी त्यांना 2020 साली पद्मश्री किताब जाहीर झाला. परंतु सन्मानासाठी दिल्लीपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. गावातील शाळेने दिलेली एक खुर्चीही पुष्कळ आहे.

तरोट्याचे बी मातीत पुढच्या मृगाची वाट पाहत पडून राहते. माणसाच्या ज्ञानाला मात्र ती सोय नाही. सांगणारी वृद्धा गेली आणि ऐकणारे कोणी नसले, तर ते ज्ञान कितीही पाऊस पडला तरी पुन्हा उगवत नाही. म्हणून ती विद्या आहे तोवरच शिकून घेणे, हे तरुण पिढीचे कर्तव्य होय.