विजयदुर्गाची दुसरी बाजू

रजेवरून यशवंतपूरला परतलेल्या सहकाऱ्याने विजयदुर्गाचे फोटो दाखवले. पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट त्याला तोंडपाठ. १७५६ विचारलं तर गप्प. दोष त्याचा नाही, किल्ला दाखवणाऱ्यांचा. त्या फेब्रुवारीत वॉटसनच्या तोफांनी किल्ल्याच्या आश्रयाला असलेलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. जमिनीवरून इंग्रजांच्या जोडीला फौज होती ती नानासाहेब पेशव्यांची! तुळाजी डोईजड झाले होते, मान्य. पण घरचं भांडण मिटवायला आपण घरचंच आरमार परक्याकडून जाळून घेतलं, वर किल्ला परत घेताना बाणकोटही दिलं. खडकवासल्यात आम्हाला पराभवही शिकवले होते. २०२५ मध्ये विजयदुर्ग जागतिक वारसा यादीत गेला. आता भिंतीसोबत पर्यटकांना आरमार जळालं ते पाणीही दाखवा.