जुम्म्याचा अर्धा तास आणि उधारीची वही

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग थांबतात. आठवडाभर "जुम्म्याला बघू" म्हणून बाजूला सारलेल्या कामांचा तो दिवस. परंतु नमाज होते, जेवण होते, पाहुणे येऊन जातात आणि संध्याकाळी उधारीची वही न उघडताच आपण म्हणतो, "पुढच्या जुम्म्याला, इन्शाअल्लाह!"

आपला कारागीर आळशी आहे, असे कोणी म्हणू नये. फजरनंतर कामाला लागलेला माणूस इशापर्यंत मान वर करीत नाही. तो टाळतो ते लिहिण्याचे काम. कोणाला किती माल दिला, पैसे कधी यायचे, हे सारे डोक्यात किंवा खिशातल्या चिठ्ठीवर असते. लिहिण्यावाचून आजचे काम अडत नाही, म्हणून ते उद्यावर जाते. दुसरे कारण संकोचाचे आहे. "आपलाच माणूस आहे, त्याची सही काय घ्यायची?"

या संकोचाला पवित्र कुरआनने जागाच ठेवलेली नाही. कुरआनातील सर्वांत मोठी आयत (अल-बकरा, 282) कर्जाच्या लिखापढीविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, देणेकऱ्याने मजकूर सांगावा, साक्षीदार घ्यावेत आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आदेश आहे. रोखीच्या हातोहात व्यवहाराला तेवढी लिहिण्यातून सूट आहे. म्हणजे सही मागणे हा अविश्वास नव्हे. ती दोघांचीही अमानत सांभाळण्याची रीत आहे.

चालढकलीची किंमत किती होते, ते पाहा. समजा, महिन्याला 2,000 रुपयांची उधारी लिहायची राहून बुडते. वर्षाचे 24,000 आणि पाच वर्षांचे 1,20,000 रुपये झाले. स्वतःचा माग घेण्याचे, दुकानाचा गाळा घेण्याचे किंवा हजला जाण्याचे स्वप्न अनेकांच्या मनात असते. ते स्वप्न मंदीने मोडले, असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा हिस्सा न लिहिलेल्या पानांत गेलेला असतो.

कायदाही थांबत नाही. 1963 च्या मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या येण्यासाठी दावा करण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची आहे. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी देणे कबूल केले, तर मुदत नव्याने सुरू होते. एका सहीचे काम. पण ते वेळेत झाले पाहिजे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे ग्राहकाने, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. न दिल्यास राज्य सरकारने नेमलेल्या परिषदेकडे दाद मागता येते. कायद्यात व्याजाचीही तरतूद आहे. व्याज आपल्याला नको. पण मुद्दल आणि मुदत हा तर आपला हक्क आहे! त्यासाठी उद्यम नोंदणी माल देण्यापूर्वीच करून ठेवणे शहाणपणाचे. या नोंदणीला शुल्क नाही. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना या 45 दिवसांच्या तरतुदीचा लाभ नाही. त्यांनी तर वही अधिकच जपावी.

जे आपण इतरांकडून मागतो, ते आपणही पाळले पाहिजे. ऐपत असताना देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सूतवाल्याला "उद्या या" सांगणारा आणि स्वतःच्या येण्यासाठी हळहळणारा एकच माणूस असतो, हे आपण बाजारात रोज पाहतो.

राहिली गोष्ट "इन्शाअल्लाह"ची. जुम्म्याला आपल्यापैकी अनेकजण सूरह कहफ वाचतात. त्याच सूरहमध्ये (23-24) उद्याच्या कामाविषयी बोलताना अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख करण्याची शिकवण आहे. हा शब्द करण्याचा इरादा असलेल्या माणसासाठी आहे. काम टाळण्यासाठी तो वापरणे ही त्या पवित्र शब्दाची बेअदबी आहे.

तेव्हा बांधवांनो, मोठे संकल्प नकोत. येत्या जुम्म्याला नमाजनंतर घरी आल्यावर, जेवणाआधी अर्धा तास वहीला द्या. पहिल्या आठवड्यात फक्त येणे लिहा, दुसऱ्या आठवड्यात देणे लिहा, तिसऱ्या आठवड्यात सर्वांत जुन्या तीन देणेकऱ्यांकडे जाऊन सही घ्या. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. त्यांचेही शिक्षण होईल. बरकत देणारा अल्लाह आहे. पण वही उघडण्याचे काम त्याने आपल्याकडे सोपवले आहे.