बिलावरची पांढरी रेघ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले, की पेढीच्या गादीपासून संगणकापर्यंत सर्वत्र पिवळी धूळ बसते. कालांतराने छापील बिलावर उभी, फिकट रेघ उमटू लागते. नेमका वजनाचा किंवा रकमेचा एखादा आकडा तीत विरतो. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या पेढ्यांना व्यापाऱ्याच्या नावे केलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे; त्यावरील क्यूआर कोडातून रेघ गेली, तर तो वाचला जाईलच असे नाही. मुनीम नवे टोनर मागवतो. रेघ तशीच राहते.

दोष असतो तो आतील लेसरच्या पेटीत. तेथील डायोडमधून निघणारा किरण कागदाला स्पर्शही करत नाही. तो फिरत्या बहुकोनी आरशावर पडतो आणि आरसा वळेल तसा ड्रमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. आरशाची एक बाजू, छपाईची एक ओळ. मधली भिंगे किरणाचा वेग सर्वत्र समान राखतात. ओळीच्या आरंभी एक संवेदक त्याची नोंद घेतो, म्हणून समास सरळ येतो. ऋणभारित ड्रमवर जेथे किरण पडतो तेथील भार उतरतो व तेथेच टोनरची पूड चिकटते.

हिशेबाची सवय असलेल्यांनी ताळा करून पाहावा. इंचाला 600 ओळी धरल्या, तर ए-फोर पानाच्या लांबीत सुमारे 7,000 ओळी होतात. पानास तीन सेकंद लागले, तर सहा बाजूंच्या आरशाला मिनिटाला 23,000 हून अधिक फेरे घ्यावे लागतात! झेरॉक्समधील गॅरी स्टार्कवेदर यांची ही कल्पना प्रारंभी वरिष्ठांना रुचली नव्हती. 1977 मध्ये त्याच कंपनीने असा प्रिंटर बाजारात आणला.

किरण जेथून बाहेर पडतो त्या अरुंद काचेवर कण बसला, की त्या जागचा किरण प्रत्येक ओळीत अडतो. कागद पुढे सरकत असल्याने कणाची सावली रेघ बनते. टोनर संपत आले असेल, तर कार्ट्रिज हलविल्यावर छपाई काही काळ सुधारते. काचेवरील धुळीची रेघ जागची हलत नाही. साताऱ्याच्या पावसाळ्यात ओलावा आरशांवर व भिंगांवर बसला, तर सारेच पान फिके पडते.

प्रिंटर बंद करून, वायर काढून, बाहेरून हाताला येणारी काच कोरड्या मऊ कापडाने पुसता येते. पेटी मात्र तंत्रज्ञानेच उघडावी. तो किरण बहुधा दिसत नाही, पण डोळ्यास इजा करतो.