पॅकेज मोठ्याला, पोर्टल छोट्याला

काल जळगावच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये बसलो होतो. दोन लेथ, एक मिलिंग, सहा कामगार. मालक माझ्याच वयाचा, आयटीआय झालेला. एका मोठ्या कंपनीकडे त्याचे सात महिन्यांपासून अकरा लाख अडकलेत. जीएसटी मात्र बिल फाडल्यावर लगेच भरावा लागला. हातात न आलेल्या पैशावरचा कर, तोही सीसी खात्यातून व्याजाने काढून!

आणि आपण बातम्या कसल्या छापतो? जानेवारी 2025 मध्ये दावोसला 15 लाख कोटींहून जास्त रकमेचे करार झाले, त्याच्या. मीही छापली, पहिल्या पानावर. या वर्कशॉपवाल्याची एका कॉलमचीही नाही. असो.

मोठे उद्योग नकोत, असं मी म्हणत नाही. वाळूजला बजाज आली म्हणून शेकडो छोटे कारखाने उभे राहिले, हे नाकारणारा खोटारडा. पण सरकार 'सगळ्यांचा समतोल' म्हणतं ना, तो तराजू जरा बघू या.

सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांचा आयकर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. नव्या उत्पादक कंपन्यांना तर 15 टक्के. दोन भावांच्या भागीदारी फर्मला आजही 30 टक्के. का? तर ती 'कंपनी' नाही. 'पीएलआय'साठी जवळपास दोन लाख कोटी ठेवले. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून आहे, तिच्यात छोट्यांसाठीही तरतूद आहे. पण मेगा प्रकल्पाला खास त्याच्यासाठी बेतलेलं पॅकेज मिळतं आणि छोटा जिल्हा उद्योग केंद्राच्या पायऱ्या झिजवतो.

छोट्याला काय दिलं? कायदा. 2006 चा. 45 दिवसांत पैसे द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. वाचायला झकास. 2017 ला तक्रारीसाठी 'समाधान' पोर्टलही काढलं. मी वर्कशॉपवाल्याला विचारलं, तक्रार का करत नाही? तो हसला. "तक्रार केली की उद्यापासून ऑर्डर बंद. व्याज घेऊन काय करू, पूजा?"

तिसरा भिडू सरकारी कारखाना. वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणी आमच्याच जिल्ह्यातल्या. 1 ऑक्टोबर 2021 ला देशातल्या 41 निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना वर्षाच्या खरेदीतली 25 टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावीच लागते. खासगी कंपनीवर असं काही बंधन नाही. म्हणजे सरकारी कारखाना विकायला काढला की नुसत्या नोकऱ्या जात नाहीत, छोट्याचं हक्काचं एक गिऱ्हाईकही जातं. हे निर्गुंतवणुकीच्या भाषणात कोणी बोलत नाही. सरकारी कंपन्याही बिलं लटकवतात, त्यांना सोवळं समजू नका. पण तिथे निदान नियमावर बोट ठेवता येतं.

आता माझी मागणी. नवी योजना नको, नवं पोर्टल तर मुळीच नको. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांपेक्षा जास्त थकवले, तर कंपनीला दर सहा महिन्यांनी केंद्राकडे 'एमएसएमई-1' हा फॉर्म भरावा लागतो. कोणाचे किती थकले, का थकले, सगळं त्यात. म्हणजे यादी सरकारच्या कपाटात आहेच! राज्याने प्रोत्साहनाचा हप्ता सोडण्याआधी तो फॉर्म मागवावा. थकबाकी दिसली की हप्ता थांबवा. छोट्याला तक्रार करायची गरज नाही, ऑर्डर जाण्याची भीती नाही. एका शासन निर्णयाचं काम आहे.

हाच प्रश्न मी मागे एका पत्रकार परिषदेत विचारला होता. उत्तर मिळालं, "चांगली सूचना आहे, तपासून घेऊ." मग चहा आला.

निघताना वर्कशॉपवाला फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "लिहा भाऊ, पण नाव नका टाकू. कंपनीचंही नको आणि माझंही नको."