बहिष्काराचा खर्च कोणी सोसावा?

१९३२ साली हिंदुस्थानचा क्रिकेट-संघ आपला पहिला कसोटी सामना खेळण्यास इंग्लंडास निघाला, तेव्हा गांधीजी तुरुंगात होते. राष्ट्राचे पुढारी बंदिवासात असता राज्यकर्त्यांच्या घरी खेळावयास जाणे विजय मर्चंट व एल. पी. जय यांस रुचले नाही. ते गेले नाहीत. पुणे जिल्ह्यातील फुलगावचे जनार्दन नवले मात्र गेले, आणि २५ जून रोजी लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या वाट्याचा कसोटीतील पहिला चेंडू त्यांनीच खेळून काढला. त्या सामन्यात इंग्लंडचे तीन गडी अवघ्या १९ धावांत परतले होते. सामना आपण १५८ धावांनी गमावला, हे खरे. परंतु राज्यकर्त्यांस बरोबरीने भिडता येते, हे त्या सकाळी जगाने पाहिले.

जय यांचा त्याग निःसंशय थोर होय. कारण तो त्यांच्या स्वतःच्या पदरचा होता. म्हणून नवले देशद्रोही ठरतात काय? मुळीच नाही.

१४ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईस पाकिस्तानशी खेळू नये, अशी हाक महाराष्ट्रात मोठ्याने उठली. पहलगामच्या हत्याकांडाचे दुःख खरे होते. परंतु बहुराष्ट्रीय स्पर्धांत खेळावे, हे धोरण सरकारने ऑगस्टमध्येच जाहीर केले होते. मग जाब सरकारास विचारावयाचा, की अकरा खेळाडूंस?

कोणी म्हणतील, १९७४ साली डेव्हिस चषकाचा अंतिम सामना भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सोडला, तो चुकला काय? चुकला नाही. तेथे वर्णभेद खुद्द क्रीडांगणावरच नांदत होता. काळ्या खेळाडूस गोऱ्यांच्या संघाचे दार बंद होते. जेथे अन्याय खेळातच आहे, तेथे खेळ नाकारणे हाच उपाय. इतरत्र तो न्याय लावता येत नाही.

आमच्या देगलूरसारख्या गावातील मुलगा पहाटे उठून मैदानावर धावतो, तेव्हा त्याच्या हाती उमेदीची जेमतेम दहा वर्षे असतात. ती दुसऱ्याच्या घोषणेवरून ओवाळून टाकावयाचा अधिकार आपणांस कोणी दिला? ज्यास बहिष्कार घालावयाचा असेल, त्याने खुशाल घालावा. त्याने तिकीट काढू नये आणि सामन्याच्या दिवशी घरचा दूरदर्शनसंच बंद ठेवावा. तेवढे झाल्यावर मग खेळाडूस उपदेश करावा.