सांभाळून घेणं

नवरात्र लागलं की दिवाळी अंकवाल्यांची झोप उडते. कित्येक वर्षांपूर्वी आमचा अंक ज्या छापखान्यात व्हायचा, तिथे कटिंग मशीनवर एक मामा होते. सकाळी आल्यावर पहिला अर्धा तास ते कागदाला हात लावत नसत. हात इतके थरथरायचे की चहाचा कप बशीत वाजायचा. मग ‘तंबाखू घेऊन येतो’ म्हणून बाहेर जायचे आणि दहा मिनिटांत परत यायचे ते अगदी स्थिर हातांनी. गठ्ठा ठोकून सरळ करायचा, पातं खाली, आणि अंकाच्या तिन्ही कडा अशा कापायचे की बघत राहावं.

तंबाखू नव्हती ती. हे फोरमनला ठाऊक होतं, बाइंडिंगच्या बायकांना ठाऊक होतं, मालकांना आणि मलाही. मामांचा खाडा झाला की हजेरी दुसऱ्यानं लावायची, दुपारनंतर त्यांना मशीनवरून उठवून फर्मे मोजायला बसवायचं. उचल मागितली की द्यायची. ‘सांभाळून घ्या हो, माणूस चांगलाय.’ मला अंक वेळेवर हवा होता, मीही सांभाळून घेतलं. ऐन घाईत एका संध्याकाळी पातं त्यांच्या दोन बोटांवर आलं. त्या जुन्या मशीनला दोन्ही हात गुंतवणारी बटणं नव्हती. महिनाभरात मालकांनी हिशेब करून त्यांना घरी बसवलं. इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून झाकलं आणि एका दिवसात सगळ्यांनी मिळून सोडलं.

कामाच्या जागेवरच्या व्यसनाला आपल्याकडे या दोनच पायऱ्या आहेत. यंदाचा विशेष विभाग मधल्या, न बांधलेल्या पायरीबद्दल आहे.

ऐन सणात हा विषय कशाला, असं एका जाहिरातदारानं विचारलं. बोनसमुळे, असं त्याला सांगितलं. कायद्यानं किमान बोनस ८.३३ टक्के ठरवलाय, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, साधारण एक पगार, एकदम हातात. त्या संध्याकाळी कारखान्याच्या गेटबाहेर ताटकळणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्यात त्यांना अधिक सांगायला नको.

मामांचे हात सकाळी थरथरत ते दारू प्यायल्यामुळे नव्हे, रात्रीची उतरल्यामुळे. शरीराला सवय झालेली असते, ते मागतं. अशा माणसाला ‘उद्यापासून बंद, नाहीतर नोकरी गेली’ असा दम भरणारा साहेब आपण कडक शिस्तीचे आहोत असं समजतो. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं डॉक्टरांशिवाय एकाएकी थांबवली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, हे तेव्हापासून मराठी वाचकाला माहीत आहे. आपल्या कारखान्यांच्या स्थायी आदेशांमधल्या गैरवर्तनाच्या यादीत मात्र नशेत असणं आजही चोरी, अफरातफरीच्या पंगतीला बसलेलं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ च्या आचारसंहितेत सांगितलं की हा प्रश्न इतर आजारांसारखाच हाताळा, गुप्तता पाळा, शिक्षेआधी उपचार द्या.

हे करायचं कसं, यात गूढ काही नाही. मुकादमानं दारूवर प्रवचन द्यायचं नाही, कामाबद्दल बोलायचं. महिन्यात इतके खाडे, इतका माल वाया, एवढंच समोर ठेवायचं. मशीनवरून त्याच दिवशी उतरवायचं आणि डॉक्टरकडे पाठवायचं. रजा द्यायची, नोकरी राखायची. अवघड असतो तो परतल्याचा दिवस. डब्याच्या सुट्टीत त्याच्याशेजारी कोण बसतं, आणि कोजागरीच्या दुधाच्या नावाखाली गच्चीवर बाटल्या उघडल्यावर ‘एकानं काय होतंय’ म्हणणारा कोण निघतो, यावर पुष्कळ अवलंबून असतं. (टार्गेट पूर्ण झालं की ओली पार्टी देणाऱ्या कार्यालयांनी व्यसनमुक्तीची पोस्टरं लावू नयेत. भिंतीला लाज वाटते.)

रेल्वेचा चालक कामावर चढण्याआधी यंत्रात फुंकतो, विमानाच्या वैमानिकाचीही अशी तपासणी होते. ते योग्यच. पण मॅनहोलमध्ये उतरण्याआधी घोट घेणाऱ्या सफाई कामगाराला कुठलं यंत्र लावणार? शुद्धीत तो वास सोसवत नाही म्हणून तो पितो. तिथे बाटली कामानंच हातात दिलेली असते. सुरक्षासाधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी घातली, तरी माणसं उतरतात, मरतात. त्यांना समुपदेशन देण्याआधी वर काढायला हवं. या विभागातला सर्वांत लांब लेख त्यांच्यावर आहे, आणि तो कापायला मी नकार दिला.

त्या वर्षीचा अंक आणि फराळाचा डबा घेऊन मी मामांच्या खोलीवर गेलो होतो. काय बोलावं सुचत नव्हतं. त्यांनी डबा बाजूला ठेवला, अंक उलटा धरला आणि उरलेल्या बोटांनी कडेवरून हळूच हात फिरवला.

‘तिरका कापलाय,’ म्हणाले, ‘नवीन पोरगा ठेवला वाटतं.’